काटा किती?

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं. मी कुणाच्या पाया पडायला आलेले नाही.

आणि हो, रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. लाईट गेले नव्हते.

मंगळवारची दुपार होती. जेवणं नुकतीच झाली होती. खोलीत आम्ही चार माणसं होतो, आणि खिडकीतून एवढं ऊन येत होतं की स्क्रीनच्या बाजूला पुठ्ठा आडवा लावावा लागला होता.

भुतांना अंधार लागतो असं ज्यांनी कोणी ठरवलं, त्यांनी माझे वडील पाहिले नव्हते.

मी गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. गाड्यांचा गेम. माझं काम जरा विचित्र आहे, घरी अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. मी वेग बनवते.

हसू नका. स्क्रीनवरची गाडी कुठेच जात नसते. ती जागच्या जागी असते, पळतो तो रस्ता. मोकळ्या माळावर गाडी दोनशेने सोडली तरी बैलगाडीत बसल्यासारखं वाटतं. त्याच रस्त्याच्या कडेला खांब उभे करा, साठलाच पोटात गोळा येतो. खांब जितके जवळ आणि जितके दाट, तितका वेग जास्त वाटतो. बाजूने काय आणि किती भरभर मागे जातंय, यावरूनच माणसाला वेग कळतो.

आणि आवाज. प्रत्येक खांब जवळून गेला की मी एक 'फट्' टाकला होता. उजव्या खांबाचा उजव्या कानात, डाव्याचा डाव्या कानात. खेळणाऱ्याला नुसत्या कानांवरसुद्धा वेग कळायला हवा.

कळायलाच हवा होता. कारण आमच्या गेममध्ये स्पीडोमीटर नाही.

ही माझीच कल्पना. मालक म्हणाले होते, "काट्याशिवाय गाडी? लोक शिव्या घालतील."

मी म्हटलं, "घालू देत. शिव्या घालत घालत खेळतील."

किती भांडले असेन मी त्यासाठी. शेवटी मालकांनी हात टेकले. पण ही कल्पना मला आकाशातून सुचली नव्हती. ती घरचीच होती.

माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, ड्रायव्हिंग स्कूल होती. अर्ध्या गावाने त्यांच्याकडे गाडी शिकली. शिकवायची गाडी एकच, पांढरी, दोन ब्रेकची. एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या अण्णांच्या पायाशी. अण्णा अंगाने आडवे. ते बसले की डावी खिडकी भरून जायची. शिकणारे कुरकुरायचे, "मास्तर, डावीकडचं काही दिसत नाही हो."

अण्णा म्हणायचे, "डावीकडचं मी बघतो. तू समोर बघ."

विद्यार्थ्याचा हात जरा बसला की अण्णा खिशातला रुमाल काढून स्पीडोमीटरवर टाकायचे. आणि विचारायचे, "काटा किती?"

उत्तर बरोबर आलं तर ते आपल्या ब्रेकवरचा पाय काढून घ्यायचे. चुकलं तर गाडी तिथल्या तिथे थांबायची. भर रस्त्यात, मागे कितीही हॉर्न वाजू देत. आणि कुणी जास्त पळवायला लागलं, तर बोटाचं पेर डॅशबोर्डवर आपटायचं.

टक... टक.

दादाला त्यांनी शिकवलं. दादा आजही गाडी अशी चालवतो की शेजारून सायकलवाले टाटा करत जातात. मला मात्र त्यांनी कधी शिकवलं नाही. "तुझा पाय जड आहे. तुला वेगाची अक्कल नाही." मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पुढचं सगळं आयुष्य मी त्या एका वाक्याशी भांडण्यात घालवलं, असं म्हटलं तरी चालेल.

मी समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या स्कूलमध्ये जाऊन शिकले. लायसन आणून त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. त्यांनी कप उचलला, लायसन नाही. मी चालवत असलेल्या गाडीत ते कधीही बसले नाहीत.

गेल्या वर्षी ते गेले. अपघात वगैरे काही नाही, झोपेतच गेले. हे आधीच सांगते, कारण लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. पांढरी गाडी बिल्डिंगखाली कापड घालून उभी होती. दादा विकायची म्हणत होता, मी विकू देत नव्हते. चालवतही नव्हते.

असो. आता त्या आठवड्याकडे येते.

गुरुवारी गेम बाजारात आणणारी माणसं खेळून बघायला येणार होती. त्यांना आवडला तर काट्याशिवायचा गेम बाहेर पडणार. नाही आवडला तर काटा परत लावायचा आणि माझं सगळं काम पुसून टाकायचं, असं मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं.

सोमवारी आमची टेस्टर माझ्याकडे आली. टेस्टर म्हणजे दिवसभर गेम खेळून चुका शोधणारी. तिला आम्ही चिमणी म्हणतो, कारण आकाराने तेवढीच आणि तोंड क्षणभर बंद नाही. कोड लिहिणाऱ्याला बोका म्हणतो, तो जेवण झालं की खुर्चीतच लवंडतो. एकाच खोलीत चिमणी आणि बोका, आणि तरी दोघं सुखाने नांदतात.

चिमणी म्हणाली, "ताई, बोगद्यानंतरच्या वळणावर मी सारखी दरीत जातेय."

त्या वळणाचा नियम साधा आहे. नव्वदने गेलात तर निघता. जास्त असेल तर सरळ दरीत.

"मग कमी ठेव ना वेग."

"कमीच ठेवते हो. सत्तरच्या वर वाटतच नाही."

बोक्याने मागे नोंद होत असलेला वेग बघितला. एकशे तीस.

मी स्वतः बसले. स्टिअरिंग, पायाखाली दोन पेडल, कानांवर हेडफोन. बोगद्यात शिरले, बाहेर आले. वाटलं, पंच्याहत्तर असेल...

दरीत.

एकशे पस्तीस होता.

माझे कान गरम झाले. तुम्हाला वाटेल लहानशी गोष्ट आहे. मला तर कोणीतरी मागून 'तुला वेगाची अक्कल नाही' म्हटल्यासारखं झालं.

"खांब गेले असतील कुठे तरी," बोका म्हणाला. त्याने कोड उघडला. सगळे खांब होते. सगळे 'फट्' जागेवर होते.

मंगळवारी सकाळी मी पुन्हा खेळले. या वेळी गाडी कुठे जाते याकडे लक्षच दिलं नाही. नुसतं ऐकत बसले.

बोगद्याच्या आधी, दोन्ही कानांत... फट् फट् फट् फट्.

बोगद्यानंतर, उजव्या कानात... फट् फट् फट्.

डाव्या कानात काहीच नाही.

हेडफोन बिघडला असेल म्हणून उलटा घातला. तरी डावाच कान बंद. दुसरा हेडफोन आणला. तेच.

पूर्ण शांतता नव्हती ती. वारा होता, पण दबका. उशीला कान लावल्यावर बाहेरचं ऐकू येतं तसा.

आणि मग मी डावीकडे बघितलं. आमच्या गेममध्ये आपण गाडीच्या आत बसलेले असतो. समोर काच, उजवीकडे खिडकी, शेजारी रिकामी सीट आणि तिच्या पलीकडे डावी खिडकी.

उजव्या खिडकीतून खांब मागे जात होते.

डाव्या खिडकीतून एकही जात नव्हता.

खिडकी काळी नव्हती. तिच्यात काही दिसतही नव्हतं. फक्त... पलीकडचं अलीकडे येत नव्हतं.

मध्ये कोणीतरी बसल्यासारखं.

मी हेडफोन काढून ठेवला. डबा उघडला आणि सगळं जेवले. खरं सांगते, भीती वाटली नाही. भीती नंतर आली. आधी आला तो राग.

जेवण झाल्यावर मी परत स्टिअरिंगवर बसले. बोका लवंडला होता. चिमणी माझ्या शेजारी स्टुलावर. मालक दारात फोनवर.

"ताई, तुमचा चेहरा कसातरी झालाय," चिमणी म्हणाली.

"तू स्क्रीनकडे बघ."

गाडी सुटली. बोगदा आला. बोगदा गेला.

डावा कान... बंद.

मी पाय हलवला नाही. वेग आहे तसा ठेवला. आणि त्या दबक्या वाऱ्याच्या आत मला हळूहळू श्वास ऐकू यायला लागला. जाड माणसाचा, नाकाने घेतलेला, शिट्टीसारखा बारीक सूर असलेला.

हा श्वास मी लहानपणापासून ऐकत आले होते. भिंतीपलीकडून, रोज रात्री.

टक... टक.

"कोण वाजवतंय?" चिमणी म्हणाली.

तिच्या कानांवर हेडफोन नव्हता.

आवाज टेबलातून आला होता. आमच्या दोघींच्या मधल्या लाकडातून.

"ताई..." तिने माझ्या पायांकडे बोट केलं. "ताई, ब्रेक..."

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता. डावा पाय जमिनीवर, चपलेसकट. ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता.

आणि ब्रेकचं पेडल... पार तळापर्यंत दाबलेलं होतं.

तरी गाडी थांबत नव्हती. रस्ता पळतच होता, वळण जवळ येत होतं.

मग आवाज आला. डाव्या कानात, अगदी जवळून. ओरडून नाही. रोज विचारायचे तसाच.

"काटा किती?"

मी तिथेच रडेन असं क्षणभर वाटलं. एक वर्ष झालं होतं तो आवाज ऐकून. पण रडले नाही. जे तोंडात आलं ते मोठ्याने बोलले. चिमणीने ऐकलं, दारातल्या मालकांनी ऐकलं, बोक्याची झोप उडाली.

"अण्णा, तुम्ही आडवे बसलायत! डावीकडचं मला दिसत नाहीये! वेग कमी वाटतोय तो तुमच्यामुळे, आणि गाडी दरीत जातेय ती पण तुमच्यामुळे! आयुष्यभर शेजारी बसून ब्रेक दाबलात सगळ्यांचा. माझ्या शेजारी कधी बसला नाहीत, आणि आता बसलात ते हे करायला?"

टक... टक.

"वाजवू नका. ऐकलंय मी."

"काटा किती?"

मी समोर बघितलं. अर्धा रस्ता मला मिळत होता, फक्त उजवीकडचा. ठीक आहे, म्हटलं. उजवे खांब ऐकले. फट्... फट्... फट्... ते मीच लावलेत. एकेक, हाताने. डावीकडचे त्यांच्या पलीकडे असणारच. मी मनातल्या मनात ते परत उभे केले. पाय किंचित उचलला. अजून किंचित.

"नव्वद," मी म्हणाले.

मागून बोक्याचा आवाज आला, झोपेतला, घाबरलेला. "नव्वद... नव्वदच आहे गं..."

वळण आलं.

पेडल अजून खालीच होतं. मी डाव्या पायाची चप्पल काढली, अंगठा त्या पेडलखाली घातला आणि वर उचलायला लागले. हलेना. बूट घातलेला भारी पाय वर असावा, तसं. त्या पायाची ऊब माझ्या पावलाला लागली.

"बरोबर सांगितलं की पाय काढायचा," मी म्हणाले. "नियम तुमचाच आहे. काढा पाय."

काही क्षण काहीच झालं नाही.

मग पेडल वर आलं. सावकाश. मन नसताना उचलल्यासारखं.

आणि डाव्या कानात... फट् फट् फट् फट्.

मी वळण घेतलं. गाडी बाहेर पडली. पुढे सरळ रस्ता होता आणि दोन्ही खिडक्यांतून खांब मागे जात होते.

मालकांचा फोन चालूच होता, पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता. चिमणी त्या दिवसापासून त्या टेबलापाशी बसत नाही. बोका म्हणतो वायरमध्ये बिघाड होता. मी त्याला विचारलं, वायरला घोरता येतं का? तो मांजरासारखा तोंड फिरवून गेला.

गुरुवारी माणसं आली, खेळली. एकही दरीत गेला नाही. काटा लागला नाही. मी जिंकले.

इथे संपलं असतं तर मी ही गोष्ट लिहिलीच नसती.

रविवारी मी मेकॅनिकला बोलावलं आणि पांढऱ्या गाडीतला अण्णांचा ब्रेक काढायला सांगितला. तो म्हणाला, "राहू द्या की ताई. मास्तरांची आठवण."

"आठवण राहील. ब्रेक काढा."

त्याने काढला. जाता जाता डावी सीट पुढेमागे करून बघायला गेला, ती हलेना. "गंजून बसलीय," म्हणाला. "कापूनच काढावी लागेल." मी म्हटलं, असू दे.

आई खाली आली. तिला मावशीकडे सोडायचं होतं. तिने मागचं दार उघडलं आणि मागे बसली.

"आई, पुढे बस ना. आज मी चालवतेय."

"पुढे कुठे जागा आहे?" आई म्हणाली.

अगदी सहज. पदर सारखा करत.

मी शेजारच्या सीटकडे बघितलं. सीट रिकामी होती. पट्टा लटकत होता. ब्रेकच्या जागी फक्त भोक होतं, त्यातून खालची जमीन दिसत होती.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण किल्ली मी फिरवली. मागे फिरायचं असतं तर त्या एकोणिसाव्या वर्षीच फिरले असते.

गावाबाहेरच्या रस्त्याला लागलो. कडेला दिव्याचे खांब. मी सगळ्या काचा उघडल्या होत्या. वारा नुसता भणभणत होता.

मग डावा कान... बंद झाला.

उघड्या काचेतून वारा येत नव्हता. डावीकडचे खांब जात नव्हते.

मी अण्णांचा रुमाल आणला होता. धुऊन, इस्त्री करून. तो काढला आणि माझ्याच हाताने स्पीडोमीटरवर टाकला.

"अण्णा," मी म्हणाले, "बसायचं तर बसा. तुमची गाडी आहे. पण जरा मागे सरका. मला माझे खांब दिसले पाहिजेत."

आरशात आई डाव्या सीटकडे बघत होती.

मग... खट्.

गंजून बसलेली ती सीट आपणहून मागे सरकली. शेवटच्या खाचेपर्यंत. आणि पाठीची गादी दबली, माणूस रेलून बसल्यावर दबते तशी.

डाव्या खिडकीतून वारा आत आला. फट् फट् फट्.

"काटा किती?"

"साठ."

मी रुमाल उचलला. साठ होता.

आई मागून एवढंच म्हणाली, "आज पाय नाही हो लावला त्यांनी." मला डोळे पुसावे लागले, तेही एका हाताने, कारण दुसरा स्टिअरिंगवर होता. दादाला मी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, गाडी विकायची नाही, पुन्हा विषय काढू नकोस.

सीट अजून तशीच मागे आहे. मेकॅनिकने दोनदा पुढे ओढून बघितली. येत नाही.

आमचा गेम आता बाहेर पडलाय. लोक घरोघरी खेळतात, आणि आम्हाला लिहून कळवतात. बहुतेक चांगलंच लिहितात. पण काही जण एक गोष्ट विचारतात. ही माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, एका ठिकाणी राहत नाहीत. ते विचारतात, बोगद्यानंतर डाव्या कानातला आवाज का जातो? आणि कोणीतरी टक टक वाजवतं, ते कशासाठी?

तो आवाज मी टाकलेला नाही. बोक्याने सगळा कोड चाळला. कुठेच नाही.

अण्णांनी अर्ध्या गावाला शिकवलं होतं. आता बहुतेक उरलेल्यांना शिकवायला निघालेत.

म्हणून सांगते. तुमच्याकडे तसं झालं तर उठून पळू नका. बटण बंद करू नका. समोर बघा, खांब ऐका, आणि विचारतील तेव्हा आकडा मोठ्याने सांगा. बरोबर असेल तर पाय निघतो.

चुकला तर काय होतं, ते मला माहीत नाही.

मी रोज त्याच गाडीने कामावर जाते. ते रोज विचारतात. आणि मी अजून एकदाही चुकलेले नाही.